पाच सुतांची मोजपट्टी

गेल्या वर्षी दसरा उलटून आठवडा होतो न होतो तोच माझ्याकडे चोवीस ब्लूबेरी मफिनची ऑर्डर आली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी मी नऊ वर्षांपासून केक, नानकटाई आणि पाव करून देते. आंबा, स्ट्रॉबेरी, सीताफळ, अंजीर ही फळे हाताखालून गेलेली असल्यामुळे हेही जमेल असे धरून मी होकार दिला. माझ्याकडच्या पाककृतीत बारा मफिनना 'दीड कप ब्लूबेरी' एवढेच लिहिले होते, म्हणजे चोविसांना तीन कप. १२५ ग्रॅमची डबी २८० रुपयांना मिळाली. तशा चार डब्या मी आणल्या, मोजायचा कप तीन वेळा भरभरून ओतला आणि चारही डब्या संपल्या.

मफिन ओव्हनमधून बाहेर आले तेव्हा वरून चांगले फुगलेले दिसत होते. त्यातला एक मी उभा कापला. सगळे फळ तळाला बसले होते, तळचा बोटभर थर ओलाच राहिला होता आणि कागद सोडवताना तो थर कागदाबरोबर निघून येत होता. जिथे मोठा दाणा फुटला होता तिथे नुसती पोकळी होती, आणि त्या पोकळीभोवती हिरवट निळे कडे उमटले होते, शिळ्या पावावर बुरशी यावी तसे. असा पदार्थ कोणाच्या हातात देणे मला शक्य नव्हते. गिऱ्हाइकाला फोन करून मी खरे ते सांगितले, त्या दिवशी त्यांना साधे व्हॅनिला मफिन करून दिले आणि ब्लूबेरीचे काम नीट समजल्याशिवाय पुन्हा हाती घ्यायचे नाही असे ठरवले. ते समजून घेण्यात पुढचे दोन महिने गेले.

सुरुवात मी कपापासूनच केली, कारण पहिला संशय त्याच्यावर होता. माझ्याकडे मापाच्या कपांचे दोन संच आहेत, एकातला कप २४० मिलिलिटरचा आणि दुसऱ्यातला २५० चा. मी २४० चा कप आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा ओट्यावर घेतला, आणलेल्या ताज्या फळाने कप भरला, वरून सुरीची पाठ फिरवून सपाट केला आणि वजन केले. ते भरले १३२ ग्रॅम. तोच कप शीग लावून भरला तेव्हा १६८ ग्रॅम. एकच कप आणि एकच फळ, तरी छत्तीस ग्रॅमांचा फरक. अमेरिकेतल्या तक्त्यांमध्ये एक कप ताज्या ब्लूबेरीचे वजन १४८ ग्रॅम धरलेले असते, म्हणजे माझा कोणताही कप त्या आकड्याशी जुळत नव्हता.

सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. कागल तालुक्यात त्यांचे माहेर आहे आणि ज्वारी, हरभरा मापट्याने मापण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे. त्या म्हणाल्या, "अगं, आधी ठरवायचं असतंय, शीग लावून द्यायचं का हात फिरवून. ते ठरल्याबिगर माप धरतच न्हाईत." पाककृती लिहिणाऱ्याने नेमके हेच सांगितले नव्हते. दोन चिपट्यांचे एक मापटे हा हिशेब पक्का असला तरी शिगेचे मापटे आणि सपाट मापटे यांत किती धान्य इकडचे तिकडे होते, हे आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या घराला ठाऊक आहे. पीठ किंवा पाणी कपाने मापले तर चूक थोडकी राहते. गोल फळाच्या बाबतीत ती मोठी होते, कारण कपात फळाबरोबर हवाही मापली जाते. गोटीसारखी गोल वस्तू भांड्यात ओतली की भांड्याचा साधारण साठ टक्के भाग वस्तूने भरतो आणि उरलेला चाळीस टक्के भाग दाण्यांमधल्या फटींचा असतो. त्यातही मोठे दाणे कपाच्या भिंतीला धड टेकत नाहीत, तिथे जास्त जागा रिकामी राहते. लहान दाणे अधिक दाटीने बसतात. माझ्या हातात मोठे दाणे होते, म्हणून सपाट कप हलका भरला. पुढे लहान दाण्याचे फळ मिळाले तेव्हा तोच कप सपाट मापून १४९ ग्रॅम भरला आणि १४८ हा आकडा कुठून येतो ते माझ्या लक्षात आले.

म्हणजे प्रश्न एकट्या कपाचा नव्हता, दाण्याच्या आकाराचाही होता. याविषयी वाचत असताना मला एक गोष्ट सापडली आणि ती मनातून जाईना. बागेत लावलेली ब्लूबेरी हे फार जुने पीक नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती रानातूनच गोळा केली जाई. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि या झुडपाला आम्लधर्मी माती लागते हे दाखवून दिले. ते वाचून न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग इथल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना पत्र लिहिले. त्यांच्या घरची शेती क्रॅनबेरीची होती. रानात फळे वेचणाऱ्या लोकांना त्यांनी धातूच्या पत्र्याची एक मोजपट्टी दिली. तिच्यात पाच-अष्टमांश इंचाचे छिद्र होते. ज्या झुडपाचे फळ त्या छिद्रातून खाली पडणार नाही ते झुडूप दाखवणाऱ्याला पैसे मिळत. अशा निवडलेल्या झुडपांच्या लागवडीतून तयार झालेले पहिले पीक १९१६ मध्ये बाजारात गेले. आज डबीतून आपल्यापर्यंत येणाऱ्या मोठ्या दाण्याच्या फळाचे मूळ त्या छिद्रात आहे.

पाच-अष्टमांश इंच म्हणजे आपल्या उद्यमनगरच्या, कोल्हापुरातल्या वर्कशॉपच्या वस्तीच्या, भाषेत पाच सूत; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझे धाकटे दीर तिथेच, शिवाजी उद्यमनगरात, एका वर्कशॉपमध्ये काम करतात. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मी त्यांना सांगितले की मला पत्र्यात चार, पाच आणि सहा सुतांची तीन भोके पाडून हवीत. "वहिनी, फळाला गेज?" असे त्यांनी एकदाच विचारले, आणि दुसऱ्या दिवशी वीतभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन आले. भोकांच्या कडांना त्यांनी कानस मारून धार काढून टाकली होती, त्यामुळे फळाची साल खरचटत नव्हती. प्रत्येक भोकाखाली त्यांनी आकडाही ठोकून दिला होता.

मग मी एक ताजी डबी फोडली आणि एकेक दाणा पट्टीवर धरून पाहिला. त्या १२५ ग्रॅमच्या डबीत ५४ दाणे निघाले. सहा सुतांतून न जाणारे ९, सहातून गेलेले पण पाचावर अडकलेले ३७, आणि पाच सुतांतून खाली पडलेले अवघे ८. वजन केल्यावर मोठे दाणे साडेतीन ग्रॅमच्या आसपास, मधले दोन-सव्वादोन ग्रॅमचे आणि लहान दीड ग्रॅमचे भरले. मफिनमध्ये माझ्या हिशेबाने प्रत्येकी १७ ग्रॅम फळ हवे, म्हणजे सहा सुतांचे जेमतेम पाच दाणे किंवा पाच सुतांखालचे अकरा-बारा. एका मफिनमध्ये पाच दाणे कुठेही घातले तरी काही घास कोरडे जाणार आणि एखाद्या घासात रसाचा लोंढा येणार. अकरा दाणे मात्र आपोआप पसरतात. शिवाय लहान दाण्यात गराच्या मानाने साल जास्त येते, आणि या फळाचा रंग मुख्यतः सालीत असतो. खायला मोठा दाणा छान वाटतो, भाजायला लहान दाणा चांगला, हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले.

आता मी डबी फोडली की आधी पट्टी लावते. सहा सुतांचे दाणे चीजकेकवर किंवा टार्टवर न शिजवता मांडण्यासाठी बाजूला काढते, मधले केकच्या थरांमध्ये वापरते, पाच सुतांखालचे मफिनसाठी ठेवते. जे मऊ पडले आहेत ते आकार न पाहता सॉसच्या किंवा जॅमच्या भांड्यात जातात. लाल झाक असलेले दाणे, विशेषतः देठाच्या जागी लालसर राहिलेले, आंबट असतात. ते घरी ठेवून गोड होत नाहीत, कारण तोडल्यानंतर या फळातली साखर वाढत नाही. जॅममध्ये मात्र असे चार दाणे हवेतच, कच्च्या फळात जॅम घट्ट करणारे पेक्टिन अधिक असते.

निवड करायला शिकले ते मात्र दुकानात, आणि त्याची किंमत दोन वाया गेलेल्या डब्यांनी मोजली. एका दुकानातून आणलेल्या डबीत वरचे सगळे दाणे टपोरे होते आणि तळाशी चिकटलेल्या चार दाण्यांवर पांढरी लव आली होती. दुसऱ्या दिवशी अर्धी डबी गेली. तेव्हापासून डबी घेताना मी ती आधी उलटी करते. तळाशी कागद असेल तर त्यावर जांभळा डाग आहे का ते पाहते आणि मग डबी हळूच कलती करते. दाणे एकमेकांवरून सुटे घरंगळले पाहिजेत. दोन-चार दाणे जागचे हलले नाहीत तर आत ओल आहे. माझ्या नेहमीच्या फळवाल्या दादांना हे आता माहीत झाले आहे. "ताई, ही बघा, काल रातीच उतरलीया," म्हणून ते स्वतःच डबी कलती करून दाखवतात.

फळावर पांढुरकी भुकटी असणे हे चांगले लक्षण आहे. तासगावच्या द्राक्षांवर असते तसेच ते नैसर्गिक मेण आहे, त्याने आतला ओलावा टिकतो. बोटाने पुसले की खालचा गडद रंग दिसतो. पुष्कळ लोक ती औषधाची फवारणी समजून घरी आल्या आल्या फळ धुऊन ठेवतात आणि तिथेच ते खराब व्हायला लागते. धुवायचे ते वापरण्याच्या अगदी आधी, आणि धुतल्यावर सुती पंचावर पसरून पूर्ण कोरडे करायचे. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. फ्रिजमधून काढलेली डबी कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडी ठेवली की दोन मिनिटांत थंड फळावर दव धरते, आणि ती डबी तशीच परत आत ठेवली तर ओल आत कोंडली जाते. म्हणून लागेल तेवढेच फळ काढून घ्यावे आणि डबी लगेच बंद करावी. डबीवर देशाचे नाव असते तेही मी वाचते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरू देशातून आलेले फळ असते, थंडीत चिलीचे दिसते. इतक्या लांबून आलेल्या फळाचे घरातले दिवस मोजकेच असतात, म्हणून ऑर्डरच्या दोन दिवस आधी फळ आणायचे, त्याआधी नाही.

ताजे फळ मिळत नाही किंवा परवडत नाही तेव्हा गोठवलेले घेते, आणि खरे सांगायचे तर मफिनसाठी आता तेच आधी घेते. एका पाकिटात मला अगदी बारीक दाणे मिळाले, एकेक अर्ध्या ग्रॅमचा, चार सुतांतूनही सहज खाली पडणारा. अमेरिकेच्या मेन राज्यातून आणि पूर्व कॅनडातून रानटी ब्लूबेरी गोठवून येते तिचे दाणे असे लहान असतात. ती ठेंगणी वनस्पती मोठ्या फळाच्या झुडपाहून वेगळ्या जातीची आहे. एका मफिनमध्ये असे तीस-पस्तीस दाणे बसले आणि कुठूनही कापले तरी प्रत्येक कापात फळ दिसले. पाकीट निवडताना मी ते हलवून पाहते. आतले दाणे खडखडले तर घ्यायचे, गठ्ठा झाला असेल तर वाटेत कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठले आहे असे समजून ठेवून द्यायचे. गोठताना बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, त्यामुळे दाणा वितळला की रस सुटतोच. म्हणून तो वितळू न देता, थंड पाण्याखाली झटकन धुऊन, कोरडा करून तसाच मिश्रणात घालते. मिश्रण थंड पडून घट्ट होते आणि भाजायला तीन-चार मिनिटे जास्त लागतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. सुकवलेल्या ब्लूबेरीच्या पाकिटावरची घटकांची यादी मात्र वाचून घ्यावी. तिच्यात बहुधा साखर आणि तेल असते, आणि ताज्या फळाच्या जागी तेवढ्याच वजनाने ती वापरता येत नाही.

हिरव्या कड्यांचा उलगडा सर्वांत शेवटी झाला. चार-पाच दाणे चुरडून मी रस काढला आणि तीन वाट्यांत वाटला. एका वाटीत लिंबाचे दोन थेंब टाकले, दुसरी तशीच ठेवली, तिसरीत चिमूटभर खायचा सोडा घातला. लिंबाची वाटी गुलाबी लाल झाली, मधली जांभळीच राहिली आणि सोड्याची वाटी आधी निळी व मग मोरपिशी हिरवी झाली. हळदीच्या डागाला साबण लागला की तो जसा लाल होतो, त्याच प्रकारचे हे आहे. या फळातले रंगद्रव्य आम्लात लाल आणि अल्कात निळे-हिरवे होते. माझ्या पाककृतीत सोडा होता तो दह्याच्या आंबटपणावर बेतलेला होता. त्या दिवशी दही कमी पडले म्हणून मी निम्मे दूध वापरले, सोडा तेवढाच ठेवला, आणि आंबटाअभावी उरलेल्या सोड्याने फळाभोवती हिरवे कडे काढले. फळात दोष नव्हता.

दह्याने दुसराही प्रश्न सोडवला. फळ तळाला बसू नये म्हणून दाणे मैद्यात घोळवावेत असे सगळीकडे सांगतात. मी एकाच मिश्रणाचे सहा मफिन घोळवलेल्या फळाचे आणि सहा न घोळवलेल्या फळाचे करून पाहिले, पण फरक नावापुरताच होता. फळ धरून ठेवते ते घट्ट मिश्रण. आपल्याकडे म्हशीच्या दुधाचे कवडीदार दही घरोघरी असते, ते वापरल्यावर मिश्रण चमच्यावरून ओघळत नाही, गोळ्याने पडते, आणि त्यात दाणा जिथे ठेवाल तिथे राहतो. प्रत्येक साच्यात आधी चमचाभर नुसते मिश्रण घालते, म्हणजे तळाला फळ टेकत नाही, आणि उरलेल्या मिश्रणात फळ मिसळून वर घालते.

आता माझ्या वहीत कप हा शब्द फळापुढे येत नाही. बारा मफिनना २५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम फळ, पाच सुतांखालचे किंवा गोठवलेले बारीक, १९० अंशांवर बावीस ते पंचवीस मिनिटे, असे लिहिले आहे. चीजकेकच्या वरच्या सॉसला २५० ग्रॅम फळ, ६० ग्रॅम साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्ध्या लिंबाचा रस. त्यातले निम्मे फळ शिजवायचे आणि निम्मे आच बंद केल्यावर घालायचे, म्हणजे रसही मिळतो आणि अख्खा दाणाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच गिऱ्हाइकाला फोन करून चोवीस मफिन दिले, ऑक्टोबरच्या ऑर्डरच्या बदल्यात, पैसे न घेता. त्यांनी तिथेच एक मधोमध मोडला आणि आत पाहिले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पट्टीवरून उरलेल्या मऊ दाण्यांचा मी जॅम करते, आणि त्यात एक गोष्ट इथल्या उंचीमुळे शिकावी लागली. पुस्तकांत जॅम १०४ ते १०५ अंशांवर होतो असे दिलेले असते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्यामुळे इथे पाणीच ९८ अंशांच्या जवळपास उकळते, तेव्हा जॅमचा आकडाही तेवढाच खाली येतो. पहिल्या खेपेला मी १०५ गाठायच्या नादात तो इतका आटवला की गार झाल्यावर चमचा उभा राहिला. आता ५०० ग्रॅम फळ, ३०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून १०३ वर उतरवते आणि फ्रिजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकून पाहते; बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली पाहिजे. साखरेच्या जागी निम्मा गूळ घालूनही पाहिला, कोल्हापूरच्या घरात तो मोह होणारच. पण गुळाचा खमंगपणा या फळाच्या मंद वासावर बसतो आणि रंगही तपकिरी होतो, म्हणून गूळ मी करवंदाच्या जॅमला राखून ठेवला आहे. गगनबावड्याची करवंदे मे महिन्यात आली तेव्हा तीही पट्टीवर धरून पाहिली. बहुतेक चार सुतांवर अडकली आणि पाचातून पडली.